डोपिंग आणि डोप टेस्ट: पैलवान, धावपटू, क्रिकेटपटू आणि त्यांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

तालमीत, ट्रॅकवर किंवा क्रिकेट अकादमीत हा विषय काढला की आधी सगळे गप्प बसतात. मग कुणीतरी "माझा एक मित्र आहे..." अशी सुरुवात करतो आणि प्रश्नांची रांग लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं २०२१च्या जागतिक नियमावलीप्रमाणे आहेत. नवी नियमावली १ जानेवारी २०२७पासून लागू होते. बंदी असलेल्या पदार्थांची यादी तर दर १ जानेवारीला बदलते, म्हणून औषध घेताना त्या वर्षीचीच यादी बघा.

डोपिंग म्हणजे फक्त स्टेरॉइड का?

नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'वाडा', १९९९मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमावलीत ११ प्रकारचे गुन्हे आहेत. शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडणं हा त्यातला फक्त एक. सॅम्पल द्यायला नकार देणं, सॅम्पलमध्ये फेरफार करणं, असलं औषध बॅगेत बाळगणं, विकणं, दुसऱ्याला टोचणं, या कामात कुणाला मदत करणं, तक्रार करणाऱ्याला धमकावणं हे सगळे गुन्हेच आहेत. डोपिंगमुळे बंदी भोगत असलेल्या कोचकडे सराव करणं हाही गुन्हा आहे, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

एखादा पदार्थ यादीत घालताना तीन गोष्टी बघतात: त्याने कामगिरी वाढते का, तब्येतीला धोका आहे का, आणि तो खेळाच्या मूल्यांच्या विरोधात जातो का. तीनपैकी दोन गोष्टी लागू पडल्या तर तो यादीत जाऊ शकतो.

मला माहीतच नव्हतं. औषध घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी दिलं. तरी दोष माझाच?

हो. तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची. ते कुणी दिलं, का दिलं, तुम्हाला ठाऊक होतं का, याचा विचार शिक्षा ठरवताना होतो. गुन्हा घडला की नाही हे ठरवताना होत नाही. हा नियम कठोर आहे, पण तो नसता तर प्रत्येक जण "मला कुणीतरी पाजलं" म्हणून सुटला असता.

शेन वॉर्नचं उदाहरण क्रिकेटवेड्या घरांत सगळ्यांना पटकन कळतं. २००३चा विश्वचषक तोंडावर असताना तो लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या औषधात सापडला. गोळी आईने दिली होती, बारीक दिसण्यासाठी. ही औषधं शरीरातली इतर द्रव्यं लपवायलाही वापरली जातात, म्हणून ती यादीत आहेत. वॉर्न दक्षिण आफ्रिकेतून घरी परतला आणि वर्षभर बाहेर बसला.

आपल्या जवळचं उदाहरण पृथ्वी शॉचं. २२ फेब्रुवारी २०१९ला इंदूरमध्ये मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचं सॅम्पल घेतलं गेलं. त्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं, श्वासनलिका मोकळी करणारं औषध निघालं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप घेतलं असं त्याने सांगितलं. बीसीसीआयने खुलासा मान्य केला, तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. ती मागच्या तारखेपासून मोजली म्हणून १५ नोव्हेंबर २०१९ला संपली. त्याच्या आधी युसूफ पठाणलाही याच टर्ब्युटालिनपायी पाच महिने गमवावे लागले होते.

मग आजारी पडलो तर औषध घ्यायचंच नाही का?

घ्यायचं. आजार अंगावर काढू नका. पण मेडिकलवाल्याला "खोकल्याचं काहीतरी द्या" असं सांगून जे हातात पडेल ते पिऊ नका. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनच्या शेजारी 'टर्ब्युटालिन सल्फेट' हा शब्द सापडेल. तो दिसला की बाटली परत द्या. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असू शकतं. स्पर्धेच्या वेळी त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं तर सॅम्पल पॉझिटिव्ह येतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ सलाईनचा होतो. थोडा अशक्तपणा आला की गावात "एक बाटली लावून घे" म्हणतात. नियम असा आहे की १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेता येत नाही, स्पर्धा असो वा नसो. साधी बाटलीच ५०० मिलीची असते. आत नुसतं मीठपाणी किंवा ग्लुकोज असलं तरी नियम तोच. रुग्णालयात रीतसर उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी चालू असेल तर सूट आहे. म्हणून डेंग्यूने दाखल झालात तर घाबरू नका, फक्त केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कुस्तीच्या आदल्या रात्री कंपाउंडरला घरी बोलावून लावलेली बाटली मात्र तुम्हाला घरी बसवू शकते.

आणखी काही औषधं आहेत ज्यांबद्दल खेळाडूला कुणी सावध करत नाही:

- प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखी औषधं स्पर्धाकाळात गोळीने किंवा कोणत्याही इंजेक्शनने घ्यायला बंदी. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शनही त्यात आलं. ती शरीरातून जायला किती दिवस लागतात याचा तक्ता वाडाने दिला आहे; तो डॉक्टरांना दाखवा.
- प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर. अर्धशिशी, धडधड किंवा हात थरथरणं यांवर डॉक्टर सहज लिहून देतात. नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यांना बाराही महिने बंदी आहे. कोल्हापूर आणि साताऱ्याकडच्या मुलामुलींनी हे पाठच करून ठेवावं.
- पीसीओएससाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन आणि वंध्यत्वाच्या उपचारांतली क्लोमिफीन, लेट्रोझोल. स्त्रीरोगतज्ज्ञांना "मी खेळाडू आहे" हे पहिल्या भेटीतच सांगा.
- इन्सुलिन. मधुमेही खेळाडूला ते लागतंच, पण परवानगी काढावी लागते.
- वेदनाशामक ट्रामाडॉल. २०२४पासून स्पर्धाकाळात बंदी.

मुलींच्या बाजूने एक दिलासा आहे. पाळीच्या दुखण्यावरची मेफेनामिक अ‍ॅसिडची गोळी चालते. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळीही बंदी असलेल्या यादीत नाही. ती घेतली असेल तर सॅम्पलच्या फॉर्मवर नाव लिहायला विसरू नका. लाजून गप्प बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

दमा असेल तर सालब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल हे पंपाने ओढून घेता येतात, पण मर्यादेत. सालब्युटामॉलसाठी २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम. त्याचीच गोळी किंवा सिरप घेतलं तर सूट नाही.

बंदी असलेलं औषध खरोखरच लागत असेल तर उपचारासाठी सूट मिळवण्याचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने नाडाकडे, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्याने आपल्या जागतिक महासंघाकडे, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी. सोबत रिपोर्ट आणि डॉक्टरांची सविस्तर चिठ्ठी लागते. जीव वाचवण्यासाठी तातडीने औषध द्यावं लागलं तर अर्ज नंतरही करता येतो. साध्या तपासणीसाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' हे अ‍ॅप आहे, ते फोनमध्ये असू द्या.

चहा, कॉफी, तंबाखू, भांग?

चहा-कॉफी चालते, कॅफिन २००४मध्ये यादीतून काढलं. तंबाखूला बंदी नाही, तरी तो सोडा. भांगेला मात्र स्पर्धाकाळात बंदी आहे, आणि 'स्पर्धाकाळ' आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. होळीची किंवा महाशिवरात्रीची थंडाई वर्षातून एकदा प्यायलेला आणि रोजची गोळी घेणारा यांच्या शरीरात फरक असतो. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत तिचे अंश कित्येक आठवडे सापडू शकतात. बदाम-खसखशीची थंडाई पैलवानाचा खुराक आहे, तिच्यात भांग घालू नका.

प्रोटीन पावडर घेतली तर सापडेन का?

शुद्ध व्हे प्रोटीन किंवा क्रिएटिन यांवर बंदी नाही. अडचण अशी की डब्यात खरंच तेवढंच आहे का, हे डब्यावरून कळत नाही. त्याच कारखान्यात त्याच यंत्रावर आधी स्टेरॉइड मिसळलेला माल भरला असेल तर उरलेली पूड पुढच्या डब्यात जाते. काही जण तर मुद्दाम घालतात, म्हणजे गिऱ्हाइकाला आठवड्यात फरक दिसावा. 'टेस्टो बूस्टर', 'फॅट बर्नर' आणि 'प्री-वर्कआउट' या तीन नावांपासून दूर राहा. आयुर्वेदिक किंवा 'नॅचरल' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. २०११च्या रिलेच्या मुलींनी चीनहून आणलेल्या जिनसेंगकडेच बोट दाखवलं होतं. ती हकिगत पुढे येते.

घ्यायचंच असेल तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा शिक्का असलेलं आणि प्रत्येक बॅच तपासलेलं घ्या. बिल ठेवा, बॅच नंबरचा फोटो काढा, थोडी पावडर डब्यात शिल्लक ठेवा. उद्या "सप्लिमेंटमधून आलं" हे सिद्ध करायची वेळ आली तर तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर १८ वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीही लागत नाही. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, ज्याला चालतं त्याला मटण, आणि आठ तास झोप. कोल्हापूरच्या तालमींनी याच खुराकावर पिढ्यान्पिढ्या पैलवान घडवले.

जिममध्ये एक 'ताकदीचं इंजेक्शन' मिळतं. ते घेऊन पोलीस भरतीला धावलं तर चालतं का?

ते बहुतेक वेळा मेफेन्टरमीन असतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणायचं हे औषध आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत जिममध्ये चोरून विकताना ते पकडलं गेलं आहे. वाडाच्या यादीत ते स्पर्धाकाळात बंदी असलेल्या उत्तेजकांत येतं. पण इथे यादीपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. दमलेल्या हृदयाला ते "थांब" असं म्हणूच देत नाही. धडधड अनियमित होते, रक्तदाब भडकतो, आणि १६०० मीटर धावताना उन्हात शरीर आधीच तापलेलं असतं. भरतीच्या मैदानावर इंजेक्शन सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वर्षभर पहाटे चारला उठून पळणाऱ्या पोराने एका नोकरीसाठी जीव पणाला लावावा, याचं मला फार वाईट वाटतं. पालकांनो, बॅगेत सिरिंज दिसली तर ओरडण्याआधी मुलाला डॉक्टरकडे न्या. याची सवय लागते आणि ती सुटायला मदत लागते.

स्टेरॉइडने शरीराचं नेमकं काय होतं?

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, मुलांच्या छातीला गाठी येतात. 'कोर्स' संपल्यावर नैराश्य येतं आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी पुढचा कोर्स सुरू होतो. गोळ्यांनी यकृतावर ताण येतो, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयाचे स्नायू जाड होतात. वाढीच्या वयात हाडांची टोकं लवकर जुळून उंची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा होतो, दाढी-मिशीसारखे केस येतात, आणि आवाज बहुधा परत येत नाही. पूर्व जर्मनीत सरकारनेच हा प्रयोग हजारो खेळाडूंवर केला, त्यात कोवळ्या मुलीही होत्या. 'जीवनसत्त्वाच्या गोळ्या' म्हणून त्यांना स्टेरॉइड दिलं गेलं. त्यातल्या अनेक जणी आज आजारपण भोगत आहेत.

वजन उतरवण्यासाठी घेतलेली फ्युरोसेमाइडची गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही काढते, आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. एकाच सुईने दोघांनी टोचलं तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी.

डोप टेस्टला प्रत्यक्षात काय होतं?

लढत किंवा शर्यत संपली की एक जण ओळखपत्र दाखवून तुमच्यासमोर उभा राहतो आणि कागदावर सही मागतो. त्या क्षणापासून सॅम्पल देईपर्यंत तुम्ही त्याच्या नजरेआड जायचं नाही. पदक समारंभ, पुढची लढत, दुखापतीवर उपचार यांसाठी वेळ मागता येतो, पण तो सोबत येतो. तुमच्या बाजूने एक माणूस आत न्यायचा हक्क आहे. कोच, आई-वडील, कुणीही. भाषा कळत नसेल तर दुभाषा मागा.

सीलबंद भांड्यांतून तुम्ही स्वतः एक निवडता. मग तुमच्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर लघवी द्यायची. शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत. पहिल्या वेळी हे फार अवघड जातं, १६-१७ वर्षांच्या मुलींना तर रडू येतं. म्हणून कोचनी आधीच सांगून ठेवायला हवं की असंच होतं आणि यात काही वावगं नाही. अल्पवयीन खेळाडूसोबत असलेला मोठा माणूस आत येऊ शकतो. त्याने लक्ष अधिकाऱ्याकडे ठेवायचं असतं.

किमान ९० मिली लागते. घामाने सुकलेल्या पैलवानाला दोन-तीन तास बसावं लागतं. घाईत तांब्याच्या तांब्या पाणी ढोसलं की लघवी पातळ होते आणि पुन्हा द्यावी लागते. घोट घोट प्या, आणि बाटली सीलबंदच घ्या.

पुढे किटही तुम्हीच निवडता. खोका, दोन्ही बाटल्या आणि झाकणं यांवरचा नंबर एकच आहे ना, ते बोट ठेवून वाचा. लघवी तुमच्या हाताने ए आणि बी बाटल्यांत ओतायची आणि झाकण घट्ट फिरवायचं. फॉर्मवर मागच्या सात दिवसांतलं सगळं लिहा: क्रोसिन, सिरप, काढा, पावडर. काही खटकलं तर शेरा लिहायची जागा असते, तिथे लिहूनच सही करा. प्रयोगशाळेला तुमचं नाव कळत नाही, फक्त नंबर जातो.

काही वेळा रक्तही घेतात. रक्तातल्या आकड्यांचा वर्षानुवर्षांचा आलेख ठेवतात, त्याला अ‍ॅथलीट पासपोर्ट म्हणतात. औषध सापडलं नाही, पण आलेख अचानक बिघडला, तरी कारवाई होते.

"इतक्या दिवसांत अंगातून निघून जातं" असं सिनियर सांगतात. खरं आहे का?

असल्या हिशेबावर विसंबून अनेकांनी करिअर घालवलं. जुन्या चाचणीत न दिसणारे अंश नव्या यंत्रांत महिन्यांनंतरही दिसतात. सॅम्पल १० वर्षं साठवून ठेवता येतं आणि पुन्हा तपासता येतं. २००८ आणि २०१२च्या ऑलिंपिकची पदकं अशा फेरतपासणीत परत घेतली गेली आहेत.

उलटी बाजूही सांगतो, कारण मुलं ती विचारतातच. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं चाचण्या देत राहिला आणि सुटत राहिला. त्याला अडकवलं ते सहकाऱ्यांच्या साक्षींनी, २०१२मध्ये, आणि टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली. नुसत्या चाचणीने सगळे सापडत नाहीत. माणसं बोलली की सापडतात.

अधिकारी आले की निसटून गेलो तर?

नकार देणं किंवा पळणं यालाही सहसा चार वर्षं, म्हणजे स्टेरॉइडइतकीच शिक्षा. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचं पथक आल्याची बातमी पसरली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सिरिंज पडलेल्या दिसल्या. स्टीपलचेसमधली एक मुलगी तर अंतिम रेषा ओलांडून पळतच सुटली आणि अधिकारी तिच्या मागे धावला. या प्रसंगाने सगळ्या देशाला कळलं की प्रश्न आंतरराष्ट्रीय संघापुरता नाही, तो जिल्हा-राज्य पातळीवर मुरलेला आहे.

'व्हेअरअबाउट्स' म्हणजे काय?

नाडा किंवा महासंघाने तुम्हाला चाचणीच्या राखीव गटात घेतलं तर दर तिमाहीला तुमचा पत्ता, सराव, प्रवास भरून द्यायचा आणि रोजचा एक तास सांगायचा, पहाटे ५ ते रात्री ११ यांमधला. त्या तासाला तुम्ही तिथे असलंच पाहिजे. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या, मग त्या माहिती न भरण्याच्या असोत की हजर नसण्याच्या, तर दोन वर्षांपर्यंत बंदी. २०२०मध्ये सांगलीच्या स्मृती मानधनासह पाच भारतीय क्रिकेटपटूंना अशी माहिती न भरल्याची नोटीस आली होती. बीसीसीआयने पासवर्डच्या तांत्रिक अडचणीचं कारण दिलं. माहिती दुसऱ्याला भरायला सांगितली तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते.

नरसिंग यादवचं खरं काय होतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न आजही दर वेळी येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. म्हणून नीट सांगतो.

नरसिंग मुंबईत, कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात घडला, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी झाला. २०१५च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याने ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकचं तिकीट मिळवून दिलं. त्याच गटातल्या सुशील कुमारने निवड चाचणी मागितली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. त्यानंतर २५ जून २०१६ला सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नरसिंगच्या सॅम्पलमध्ये मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड निघालं. ५ जुलैच्या सॅम्पलमध्येही निघालं. त्याच्या खोलीतला साथीदारही त्याच पदार्थात सापडला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य केलं आणि तो रिओला गेला.

वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं. १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, निकाल आला: चार वर्षं बंदी. लवादाचं म्हणणं असं की घातपाताचा ठोस पुरावा खेळाडूने दिला नाही, आणि तज्ज्ञांच्या मते सापडलेलं प्रमाण गोळीच्या रूपात, एकाहून अधिक वेळा घेतल्याकडे बोट दाखवतं.

घातपात झाला असेल का? माझ्याकडे त्याचं उत्तर नाही आणि मी ते बनवणार नाही. पण या प्रकरणातून एक गोष्ट प्रत्येक पैलवानाने शिकावी. "मी घेतलं नाही" एवढं पुरत नाही. पदार्थ शरीरात कसा आला हे तुम्हाला दाखवावं लागतं. शिबिरात स्वतःची बाटली स्वतःजवळ ठेवा, उघडी ठेवलेली पुन्हा तोंडाला लावू नका, संशय आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

शिक्षा किती होते?

स्टेरॉइड, ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हॉर्मोन यांना चार वर्षं. मुद्दाम घेतलं नाही हे सिद्ध केलं तर दोन, आणि दोष अगदी नगण्य ठरला तर त्याहून कमी. खोकल्याच्या औषधासारख्या 'विशेष' गटातल्या पदार्थांना दोन वर्षांपासून खाली, ताकिदीपर्यंत. कोकेन, गांजा यांसारखी नशा स्पर्धेबाहेर केली आणि खेळाशी तिचा संबंध नाही असं ठरलं तर तीन महिने, उपचार घेतले तर एक महिना. सॅम्पलच्या तारखेपासूनची पदकं, बक्षिसं जातात. बंदीच्या काळात संघाबरोबर सरावही करता येत नाही. शेवटच्या टप्प्यात तेवढी परवानगी मिळते. ट्रेनर किंवा डॉक्टरने अल्पवयीन खेळाडूला औषध दिलं तर आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे. ही तरतूद जितकी वापरायला हवी तितकी वापरलेली मला दिसत नाही.

आयपीएल आणि परदेशी लीगला हेच नियम आहेत का?

आयपीएलला आहेत. 'व्हेअरअबाउट्स'ला क्रिकेटपटूंचा विरोध होता म्हणून बीसीसीआय अनेक वर्षं नाडापासून लांब राहिली. ऑगस्ट २०१९मध्ये ती नाडाखाली आली. २०२५च्या आयपीएलमधून कागिसो रबाडा अचानक मायदेशी गेला, त्यामागे दक्षिण आफ्रिकेतल्या लीगच्या वेळी नशेच्या पदार्थाची पॉझिटिव्ह चाचणी होती. त्याने उपचार घेतले आणि महिनाभराने परतला. अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉलच्या लीग वाडाच्या नियमावलीत नाहीत. तिथे खेळाडू संघटना आणि मालक करार करून नियम ठरवतात. बेसबॉलमध्ये पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला कायमची बंदी.

मोठे खेळाडू सुटतात आणि आमची पोरं अडकतात, असं का?

यात तथ्य आहे. टेनिसपटू यानिक सिनरच्या शरीरात २०२४मध्ये क्लोस्टेबॉल या स्टेरॉइडचे अंश सापडले. फिजिओथेरपिस्टच्या हातावरच्या स्प्रेमधून ते आले हे मान्य झालं आणि शेवटी तीन महिन्यांवर तडजोड झाली. खुलासा खरा असेलच. पण तो सिद्ध करायला लागणारे वकील, शास्त्रज्ञ आणि पैसा बीडच्या किंवा गडचिरोलीच्या धावपटूकडे कुठून येणार? त्याच्याकडे नोटीस इंग्रजीत येते आणि ती वाचायलाच आठवडा जातो. राज्याच्या क्रीडा खात्याने मराठीत मोफत कायदेशीर मदत द्यावी, ही मागणी सगळ्या संघटनांनी लावून धरायला हवी.

भारतात इतके जण का सापडतात?

वाडाच्या आकड्यांप्रमाणे २०२३मध्ये भारतात ५,६०६ सॅम्पल तपासले, २१३ पॉझिटिव्ह, म्हणजे ३.८ टक्के. २०२४मध्ये ७,११३ पैकी २६०, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वर आहे. चीन, फ्रान्स, जर्मनी आपल्यापेक्षा जास्त चाचण्या करतात आणि त्यांची टक्केवारी कितीतरी कमी आहे. गोव्यात झालेल्या २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही दोन डझनांच्या आसपास खेळाडू सापडले.

कारण मला विचाराल तर पदकापेक्षा नोकरी. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्या जागा वेगळ्या. कोरडवाहू शेतीतल्या घरात राज्य स्पर्धेचं एक प्रमाणपत्र सगळं कुटुंब उभं करतं. त्या मुलाला कुणीतरी सांगतं, "सगळेच घेतात, तूच मागे राहशील." सांगणारा बहुतेक वेळा त्याचा विश्वासातला माणूस असतो: कोच, जिमचा सर, सिनियर. मुलगा त्यांच्या पाया पडतो, त्यांना प्रश्न विचारत नाही.

२०११मध्ये धावपटू अश्विनी अक्कुंजी आणि तिच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत तेच झालं. राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण जिंकून आलेल्या मुली स्टेरॉइडमध्ये सापडल्या. आपण कोचने दिलेलं घेतलं, असं त्यांनी सांगितलं. परदेशी कोच युरी ओगोरोदनिक यांना काढलं गेलं. बंदीची वर्षं मुलींनी भोगली, आणि लोकांच्या लक्षात त्यांचीच नावं राहिली.

प्रयोगशाळा चुकू शकते का?

चुकू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९मध्ये त्रुटींमुळे थांबवली. ती डिसेंबर २०२१मध्ये परत मिळाली. वेटलिफ्टर संजिता चानूच्या २०१८मधल्या नोटिशीत सॅम्पलचे दोन वेगळे नंबर होते, आणि सॅम्पल हाताळण्यातल्या त्रुटींमुळे २०२०मध्ये तिच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. दोन वर्षं मात्र गेली ती गेलीच. (पुढे २०२२च्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या सॅम्पलवरून तिला वेगळ्या पदार्थासाठी बंदी झाली, हेही सांगायला हवं.) नंबर बोट ठेवून वाचा, असं वर म्हटलं ते यासाठीच.

नोटीस आली आहे. आता काय करू?

पहिल्या दिवशी घरच्यांना सांगा. मुलं महिनाभर लपवतात आणि मुदत निघून जाते. पाकिटावरची किंवा ई-मेलवरची तारीख लिहून ठेवा. प्रयोगशाळेचा अहवाल मागा. बी सॅम्पल तपासून घ्यायचा हक्क आहे, तो नोटिशीत दिलेल्या मुदतीतच मागावा लागतो. बाटली उघडताना तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. तात्पुरती बंदी लागली असेल तर एकही स्पर्धा खेळू नका, गावची जत्रेची कुस्तीसुद्धा सल्ला घेतल्याशिवाय नको.

घेतलं असेल तर खोटी चिठ्ठी तयार करू नका. कागद बनावट निघाला तर फेरफाराचा दुसरा गुन्हा लागतो. चार वर्षांचा आरोप असेल आणि आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. औषध कुणी दिलं, कुठून आलं याची उपयोगी माहिती दिली आणि त्यातून कारवाई झाली तर बंदीचा तीन चतुर्थांशापर्यंत भाग स्थगित होऊ शकतो. गुरूचं नाव घेणं आपल्याकडे पाप वाटतं, मला ते समजतं. पण त्याच माणसाकडे उद्या सकाळी आणखी वीस मुलं सरावाला येणार आहेत. माहिती द्यायला एकटे जाऊ नका, वकील सोबत घ्या, सगळं लेखी द्या आणि पोच घेऊन ठेवा.